शहाण्याने चढावी अशी पायरी

ओव्हल मैदानाच्या कडेने चर्चगेटकडे धावत सुटलेल्या प्रत्येकाने ती इमारत पाहिलेली असते. पाहिलेली म्हणजे काय, नजरेखालून गेलेली असते. फोटो सगळे राजाबाई टॉवरचा काढतात. त्याच्या शेजारची लांबच लांब दगडी इमारत, तिची उंच निमुळती छपरं, दोन अष्टकोनी मनोरे, हे सगळं फ्रेममध्ये आलं तर आलं, नाही तर क्रॉप. असेल कुठलं तरी सरकारी ऑफिस, असं आपल्याला वाटतं. तर ते मुंबई हायकोर्ट आहे. आणि तुम्ही आत जाऊ शकता.

आता घरातल्या मोठ्यांचा आवाज कानात आलाच असेल: ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’ ही म्हण ज्याने पहिल्यांदा वापरली, त्याची बांधाची केस नक्की तीन पिढ्या चालली असणार. पण ती म्हण पक्षकारांसाठी आहे, बघायला जाणाऱ्यांसाठी नाही. आणि माझ्या मावसबहिणीसारख्यांसाठी तर अजिबातच नाही, कारण पायरी चढणं हेच तिचं काम आहे.

ताई मूळची साताऱ्याची. लॉची डिग्री झालेली, सनद हातात यायची होती. मधल्या काळात फोर्टमधल्या एका वकिलांच्या ऑफिसात ती लीगल असिस्टंट म्हणून लागली. हे नाव ऐकून वेबसिरीजमधल्या काचेच्या केबिनी डोळ्यांसमोर येत असतील तर थांबा. ताईचे पहिले तीन महिने पेजिनेशनमध्ये गेले. म्हणजे चारशे पानांच्या पेपरबुकला एक ते चारशे आकडे घालायचे, मग सर म्हणणार की मध्ये एक अॅफिडेव्हिट राहिलं, की परत सदुसष्टपासून पुढे सगळं खोडायचं. इंडेक्स बनवा, झेरॉक्सवर ‘ट्रू कॉपी’चे शिक्के मारा, स्कॅन करा, ई-फायलिंग करा, ऑफिस ऑब्जेक्शन आलं की ते काढा. ‘वकिली म्हणजे युक्तिवाद असं मला वाटायचं,’ ताई म्हणते, ‘नंतर कळलं, युक्तिवाद वीस मिनिटं. बाकी सगळं स्टेपलर.’

अशाच एका पावसाळ्यात ती पहिल्यांदा हायकोर्टात गेली. मी हे तिच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की मला पाठ झालंय. पण या वेळी आपल्या पानासाठी म्हणून तिला नीट समोर बसवून, फोनवर रेकॉर्ड करत विचारलं. तिची एकच अट होती: अशील कोण, केस कुणाची, यातलं एक अक्षर छापायचं नाही. आमचा अशील बाई होती की बुवा, हेसुद्धा तिने मला सांगितलेलं नाही. मी तिची बहीण असून.

एवढं सांगता येईल. फॅमिली कोर्टाच्या निकालावरचं अपील होतं. विषय हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. कायद्याच्या पुस्तकात याचं नाव भलतंच लांबलचक आहे. आपल्या घरात बोलतात त्या भाषेत सांगायचं तर ‘नांदायला यावं’ म्हणून केलेला दावा. नवरा किंवा बायको सबळ कारण नसताना सोडून गेली, तर दुसऱ्याने कोर्टात जाऊन म्हणायचं, हिला किंवा ह्याला परत पाठवा. सरांनी ताईला सांगितलं होतं, या कलमाचा सगळा जुना इतिहास काढ, जेवढे निकाल मिळतील तेवढे प्रिंट कर, पिवळे फ्लॅग लाव, आणि सकाळी गठ्ठा घेऊन हायकोर्टात ये.

त्या गठ्ठ्यातले सगळ्यात जुने दोन निकाल मुंबई हायकोर्टाचेच होते. इंडियन लॉ रिपोर्ट्स, ९ मुंबई, पान ५२९. आणि १० मुंबई, पान ३०१. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई. सालं १८८५ आणि १८८६.

थांबा, त्याच्याकडे येते. आधी ताईला आत तर जाऊ दे.

तिच्यासोबत ऑफिसचे क्लार्ककाका होते. वकिलांच्या ऑफिसात अशी एक व्यक्ती असतेच. डिग्री नाही, पण प्रोथोनोटरींच्या ऑफिसात कुठल्या टेबलावर काय होतं, कुठल्या कोर्टात मेन्शनिंग कधी घेतात, कुठल्या असोसिएटशी किती वाजता बोलायचं, हे त्यांनाच ठाऊक. (प्रोथोनोटरी हा शब्द मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकला. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडचा मुख्य अधिकारी. पदाचं नाव इंग्रजांच्या काळापासून तसंच राहिलंय.) काकांनी त्या इमारतीत तीस वर्षं काढलेली. बोर्डावर ताईच्या ऑफिसचं मॅटर खूप खाली होतं. जेवणाच्या सुट्टीआधी रीच होणार नाही हे काकांनी डिस्प्लेवरचा आकडा बघूनच सांगितलं. मग म्हणाले, ‘बस नुसती, नाही तर चल, घर दाखवतो.’

घर!

या ‘घरा’चा हिशेब मला फार आवडला म्हणून सांगते. बांधायला सुरुवात १८७१ मध्ये, पूर्ण झालं १८७८ मध्ये, आणि पहिल्यांदा कोर्ट बसलं १० जानेवारी १८७९ ला. हायकोर्ट त्याच्या आधीचं, १८६२ पासूनचं, पण तोवर ते अपोलो स्ट्रीटवरच्या अॅडमिरल्टी हाऊसमध्ये भरायचं. नव्या इमारतीचा आराखडा कर्नल जेम्स फुलर यांचा. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट. खर्च झाला १६ लाख ४४ हजार ५२८ रुपये, आणि मंजूर रकमेतले २,६६८ रुपये उरले! आपल्याकडचा एखादा उड्डाणपूल आठवा आणि हे वाक्य परत वाचा. छपरावर दोन पुतळे आहेत, एक न्यायदेवतेचा आणि दुसरा दयेचा. दुसऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात ही इमारत आहे.

काकांनी पहिल्यांदा दाखवलं ते माकड. खांबावर दगडात कोरलेलं माकड, हातात तराजू, आणि पट्टी बांधलीय ती एकाच डोळ्यावर. दुसरा डोळा उघडा. म्हणजे न्यायाधीशमहाराज थोडं बघून घेतात! दुसरीकडे एक कोल्हा आहे, त्याच्या गळ्यात वकिलांचा बँड. गोष्ट अशी सांगतात, की इमारतीच्या कामातल्या एका पारशी पोटकंत्राटदाराचं मुख्य कंत्राटदाराशी पैशांवरून वाजलं, तो कोर्टात हरला, आणि त्याने हा असा सूड घेतला. गोष्ट खरी असो वा रचलेली, मला त्यातली गंमत वेगळीच वाटते. खुद्द न्यायमूर्तींची चेष्टा करणारं ते माकड गेली जवळजवळ दीडशे वर्षं तिथेच आहे. कुणी छिन्नी घेऊन ते काढायला गेलेलं नाही.

मग जिना चढून दुसरा मजला. ४६ नंबरची कोर्टरूम, सेंट्रल कोर्ट. पूर्वी मुंबईचे सेशन्सचे फौजदारी खटले हायकोर्टातच चालायचे, ज्युरी बसायची, ते या दालनात. बाहेर भिंतीवर संगमरवराची पाटी आहे. काका तिथे थांबले. बोलले काही नाहीत, नुसतं बोट दाखवलं.

टिळकांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला आपण शाळेत चार मार्कांसाठी वाचलेला असतो. पण जर्नालिझम शिकणाऱ्या माणसाने तो परत वाचावा असा आहे, कारण त्यातला बराचसा वाद अग्रलेखांतल्या शब्दांवरून झालाय. ‘केसरी’तले लेख. १२ मे चा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर लिहिलेले. ज्युरीत नऊजण, सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठी, ज्युरीपुढे इंग्रजी भाषांतर. टिळकांनी वकील न देता स्वतः युक्तिवाद केला, आणि हे भाषांतरच कसं वाकडं आहे, माझ्या शब्दाचा अर्थ तुमच्या शब्दात कसा बसत नाही, हे सांगत राहिले. किती वेळ? सगळे दिवस मिळून २१ तास १० मिनिटं. आपण पाच मिनिटांच्या प्रेझेंटेशनला घाबरतो.

न्यायमूर्ती होते दिनशा दावर. यातला योगायोग एखाद्या पटकथेत लिहिला तर तुम्ही म्हणाल, जास्तच झालं. १८९७ मध्ये टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांना जामीन मिळवून देणारे वकील हेच दावर. १९०८ मध्ये जिनांनी टिळकांच्या जामिनासाठी अर्ज चालवला, तो फेटाळणारे न्यायमूर्तीही हेच. २२ जुलैच्या रात्री ज्युरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा. दुसऱ्या दिवशी टिळकांचा बावन्नावा वाढदिवस. मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस.

शिक्षा ऐकण्याआधी तुम्हाला काही म्हणायचंय का असं विचारल्यावर टिळक जे बोलले, ते त्या पाटीवर आहे. मूळ इंग्रजीत. ज्युरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, आणि माणसांचं, राष्ट्रांचं भवितव्य ठरवणारी शक्ती कोर्टाहून मोठी आहे, असा त्याचा मथितार्थ. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी पाटीचं अनावरण केलं, आणि या वास्तूत टिळकांना जे सोसावं लागलं त्याचं प्रायश्चित्त घ्यायला मी आलोय, अशा अर्थाचं ते बोलले. याचा अर्थ लक्षात घ्या. कोर्टाने आपल्याच दारावर लिहून ठेवलंय की इथला निकाल चुकला होता. आरोपीचे शब्द भिंतीवर आहेत, न्यायमूर्तींचे नाहीत.

ताई म्हणते, तिच्या अंगावर काटा आला. पण तो दिवस तिच्या लक्षात राहिला तो या पाटीमुळे नाही. निदान एकट्या पाटीमुळे नाही.

खाली येऊन ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. बाहेर पाऊस, आत काळ्या गाऊनांची ये-जा. मॅटर रीच व्हायला अजून वेळ होता, म्हणून तिने गठ्ठ्यातले ते दोन जुने निकाल काढले. आदल्या दिवशी तिने ते फक्त प्रिंट केले होते, फ्लॅग लावले होते. वाचले नव्हते. लीगल असिस्टंटची हीच तर गंमत आहे, हजार पानं हातातून जातात, वाचायची सवड मिळते ती बाकावर.

रखमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल, कदाचित २०१७ मध्ये गुगलच्या डूडलवर बघितलं असेल, कदाचित तनिष्ठा चटर्जीचा सिनेमा आठवत असेल. ‘भारतातल्या सुरुवातीच्या डॉक्टर स्त्रियांपैकी एक’ या एका ओळीत त्यांना आपण संपवतो. खटला ही त्याआधीची गोष्ट. अकराव्या वर्षी लग्न झालं, नवरा दादाजी एकोणीस वर्षांचा. त्या आईकडेच राहिल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन डॉक्टर होते, घरात पुस्तकं होती, मुलगी वाचू लागली. संसार असा झालाच नाही. १८८४ मध्ये दादाजींनी हायकोर्टात दावा ठोकला, बायकोला नांदायला पाठवा म्हणून. रखमाबाई म्हणाल्या, मी जाणार नाही. लग्न झालं तेव्हा मला कळत नव्हतं, माझी संमती नव्हती.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. ताईच्या हातात होता तो हा निकाल. ती म्हणते, एकशे चाळीस वर्षांपूर्वीचं इंग्रजी, वाचायला दमछाक होईल असं वाटलं होतं. पण न्यायमूर्तींचा राग पानावर सरळ दिसतो. त्यांचा मुद्दा असा, की हे दोघं कधी एकत्र राहिलेलेच नाहीत, तर ‘परत’ नांदायला पाठवायचं म्हणजे काय? शिवाय असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाहीच. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून इथे आलाय. एका तरुण स्त्रीला, तिची इच्छा नसताना, गुराढोरासारखं एखाद्याच्या घरी पाठवणं मला जमणार नाही.

पुढच्याच वर्षी हे अपिलात उलटलं. तो ताईच्या हातातला दुसरा निकाल. मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी केस परत खाली पाठवली, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंग.

रखमाबाईंचं उत्तर होतं, तुरुंगात जाईन.

तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. माझ्याएवढ्या. ताईही त्या बाकावर बसली होती तेव्हा चोविशीची. ‘मी वर बघितलं,’ ताई म्हणते, ‘तोच जिना, तेच खांब, तोच व्हरांडा. तोवर मला वाटत होतं मी इतिहासाचा सेक्शन तयार केलाय. इंडेक्समध्ये अनुक्रमांक एक आणि दोन. आणि मग लक्षात आलं की अनुक्रमांक एक इथून चालत गेलाय.’

१८८४, ज्या वर्षी दादाजींनी मुंबईत दावा लावला, त्याच वर्षी खुद्द इंग्लंडने आपल्या कायद्यातून अशा हुकमासाठी तुरुंगाची शिक्षा काढून टाकली होती. ज्यांच्याकडून हा दावा आला ते तो मऊ करत होते, आणि इथे एका मुलीला तो कडक लावला जात होता. खटला सुरू असतानाच ‘ए हिंदू लेडी’ या टोपणनावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध पत्रं आली होती; लिहिणाऱ्या रखमाबाईच होत्या हे नंतर सगळ्यांना कळलं. अखेर तुरुंगाची वेळ आली नाही. १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि त्यांनी हुकमाचा नाद सोडला. पुढच्या वर्षी रखमाबाई लंडनला शिकायला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि सुरत-राजकोटच्या दवाखान्यांत त्यांनी आयुष्य काढलं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, त्यामागच्या वादळात हा खटला होता.

आता जरा अवघड जागा. पण ती टाळून हा लेख लिहिता येणार नाही.

रखमाबाईंच्या खटल्यात टिळक कुठल्या बाजूला होते? ‘केसरी’ आणि ‘मराठा’ दादाजींच्या बाजूने उभे राहिले. ही बाई इंग्रजी शिक्षणाने बिघडली, इंग्रजांच्या कोर्टाने आमच्या घरात लक्ष घालू नये, असा एकूण सूर. संमतिवयाच्या कायद्यालाही टिळकांचा विरोध होता. म्हणजे बघा, वीस-एकवीस वर्षांच्या अंतराने एकाच इमारतीत दोन माणसं उभी राहिली आणि दोघांनीही म्हटलं, तुमचा निकाल मला मान्य नाही, मी तुरुंगात जायला तयार आहे. त्यातल्या एकाने दुसरीला चूक म्हटलं होतं. ताईने हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणाले, मग पाटीचं काय करायचं? ती म्हणाली, ‘काही नाही करायचं. पाटी बरोबरच आहे.’ मला हे अजून पूर्ण पटलेलं नाही. टिळकांचं धैर्य खरं होतं, यात शंका नाही. पण सरकारच्या हुकमाला ‘नाही’ म्हणण्याचा जो हक्क त्यांना स्वतःसाठी इतका स्वच्छ दिसला, तो घरातल्या मुलीच्या बाबतीत का दिसला नाही, हा प्रश्न मला पाटीसमोर उभं राहिल्यावरही पडणारच. तुम्हालाही पडावा असं वाटतं.

त्या दिवशी ताईने काकांना विचारलं, टिळकांची जागा दाखवलीत, रखमाबाईंची? काका बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, ‘ती रेकॉर्डला आहे, बाळा. तुझ्या हातात आहे की.’

आणि हे रेकॉर्ड मेलेलं नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यात कलम ९ आहेच. विशेष विवाह कायद्यातही तसंच कलम आहे. तुरुंगाची शिक्षा १९२३ च्या दुरुस्तीत गेली; पण हुकूम पाळला नाही तर मालमत्ता जप्त करता येते. कलम नवऱ्याला आणि बायकोला सारखंच लागू आहे, हे मान्य. वर्षभर हुकूम पाळला गेला नाही तर त्यावर घटस्फोट मागता येतो, त्यामुळे बरेचदा दावा ‘ये’ म्हणून लावतात आणि मनात ‘जा’ असतं, हे ताईने सांगितलं. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. स्त्रीच्या शरीरावरचा तिचा हक्क यातून जातो, असं म्हणून. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं, लग्न टिकवायला याचा उपयोग आहे म्हणून. इंग्लंडमध्ये हा दावा १९७० मध्ये कायद्यातूनच काढून टाकलाय. आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात या कलमाला आव्हान देणारी याचिका कुणी लावली माहितेय? गांधीनगरच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाच्या मुलांनी.

ताईचं मॅटर त्या दिवशी रीच झालंच नाही. संध्याकाळी पुढची तारीख पडली, गठ्ठा परत पिशवीत गेला. पण सर निघताना म्हणाले, ‘काय वाचत होतीस एवढं?’ तिने सांगितलं. सरांनी दोन्ही निकाल मागून घेतले आणि टॅक्सीत वाचत गेले. पुढच्या तारखेला इंडेक्समध्ये त्या दोन निकालांपुढे दोन ओळींची टिपणी होती, ताईने लिहिलेली. पेजिनेशननंतर तिने ऑफिसात लिहिलेली पहिली वाक्यं. ती काय होती हे अर्थातच ती सांगत नाही.

तुमच्यातले जे लॉ करतायत किंवा कुठल्यातरी ऑफिसात शिक्के मारतायत त्यांच्यासाठी एक गोष्ट. १८९१ मध्ये गांधीजी बॅरिस्टर होऊन मुंबईत आले. स्मॉल कॉजेस कोर्टात पहिलीच केस, उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. फी परत करून निघून आले. हायकोर्टात रोज शिकायला म्हणून जाऊन बसत, आणि तिथल्या वाऱ्यात चक्क डुलक्या घेत. हे त्यांनीच आत्मकथेत कबूल केलंय. तेव्हा पेजिनेशन करताना झोप आली तर फार मनाला लावून घेऊ नका.

आता जायचं कसं ते सांगते, कारण घाई केलेली बरी. सप्टेंबर २०२४ मध्ये वांद्रे पूर्वेला हायकोर्टाच्या नव्या संकुलाचं भूमिपूजन झालंय. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे साताऱ्या-सांगलीच्या बऱ्याच फायलींची मुंबईवारी आता थांबलीय. (मावशीचं म्हणणं, ताईने तिकडेच यावं. ताई ऐकत नाही.) फोर्टची इमारत कुठे जाणार नाही, पण गाऊनांची ही वर्दळ, डिस्प्लेवर पळणारे आकडे, पुढे चोपदार आणि मागे न्यायमूर्ती येताना अख्खं दालन उभं राहतं तो क्षण, हे कायम फोर्टमध्येच असेल असं नाही.

कोर्टाची दर्शनी बाजू ओव्हलकडे आहे, पण वकील-पक्षकारांची ये-जा मागच्या बाजूने, युनिव्हर्सिटीकडच्या रस्त्याने. कामकाजाच्या दिवशी ओळखपत्र घेऊन जा. गेटवर विचारतील, कुठे जायचंय, काय काम. सरळ सांगा, कामकाज बघायचंय. आपल्याकडे काही नाजूक खटले सोडले तर कोर्ट उघडंच चालतं. आत गेल्यावर फोन बंद, फोटो नाही, मागच्या खुर्चीत गप्प बसायचं. कुजबुज केलीत तर आधी वकील वळून बघतील, मग शिपाई. इमारत निवांत बघायची असेल तर एमटीडीसीने २०२१ मध्ये शनिवार-रविवारचा हेरिटेज वॉक सुरू केला. निघण्याआधी त्याचं वेळापत्रक बघून घ्या. २०१५ पासून आत एक छोटं म्युझियमही आहे.

दुसऱ्या मजल्यावर ४६ नंबर. माकड मात्र पटकन सापडत नाही. काळे कोट घातलेल्यांना विचारत बसू नका, ते घाईत असतात. पाठीला सॅक, हातात फायलींचा गठ्ठा आणि बोटाला स्टॅम्पपॅडची शाई असलेलं कुणीतरी दिसेल, त्यांना विचारा.